नवी हार्ड डिस्क जोडली, पण विंडोजमध्ये दिसत नाही: इनिशियलाइज, पार्टिशन, फॉरमॅट

सातारी_साटा (धागाकर्ता)

खरेदी-सल्ल्याच्या धाग्यात दर दोन पानांनी तोच प्रश्न येतो: नवी डिस्क बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मशीनच्या सेटिंगमध्ये) दिसते, 'धिस पीसी'त मात्र पत्ता नाही, बिघडलेली आली का? तिथली चर्चा भरकटते म्हणून हा वेगळा धागा. उदाहरणासाठी ३.५ इंची, ४ टीबीची साटा (मदरबोर्डला केबलने थेट जोडायची) डिस्क, डेस्कटॉप आणि विंडोज १० किंवा ११ धरतो. विंडोज वेगळ्या एसएसडीवर आहे, ही डिस्क फक्त डेटासाठी.

सुटी मिळणारी अंतर्गत डिस्क कारखान्यातून कोरी येते. तिच्यावर पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची यादी) नसतं, फाइल सिस्टिमही नसते. एक्सप्लोरर फक्त ड्राइव्ह अक्षर मिळालेली पार्टिशनं दाखवतो, त्यामुळे कोरी डिस्क त्याच्या लेखी नसतेच. यूएसबीवाल्या पोर्टेबल डिस्क आधीच फॉरमॅट होऊन येतात म्हणून लावल्या लावल्या दिसतात, आणि गैरसमज तिथूनच होतो.

पायऱ्या:

१. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. उघडताच 'इनिशियलाइज डिस्क'ची खिडकी येते. जीपीटी (पार्टिशन टेबलाची नवी पद्धत) निवडून ओके. खिडकी आली नाही तर खालच्या अर्ध्या भागात 'नॉट इनिशियलाइज्ड' लिहिलेली डिस्क शोधा आणि तिच्या डावीकडच्या राखाडी चौकोनावर उजवी क्लिक करा. उजवीकडच्या लांब पट्टीवर क्लिक केली तर हा पर्याय यादीत येतच नाही, बरेच जण इथेच अडकतात.

२. आता काळ्या रेघेच्या 'अनॲलोकेटेड' पट्टीवर उजवी क्लिक, न्यू सिंपल व्हॉल्यूम. आकार एमबीत विचारतो. आधी भरलेला आकडा पूर्ण जागेचा असतो, तसाच ठेवा.

३. अक्षर द्या. डी-ई ऐवजी एम, पी असं मधलं अक्षर दिलेलं बरं, म्हणजे पेनड्राइव्ह आणि कार्ड रीडरशी गल्लत होत नाही.

४. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम), ॲलोकेशन युनिट (फाइलला जागा द्यायचं सर्वांत लहान माप) 'डिफॉल्ट', नाव, आणि क्विक फॉरमॅटची खूण राहू द्या. फिनिश.

मधेच एक्सप्लोरर 'फॉरमॅट करू का' अशी वेगळी खिडकी काढतो. ती रद्द करा, काम आधीच चालू असतं.

शेवटी ३.६३ टीबी दिसेल. दुकानदाराने फसवलेलं नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजून लिहिताना अक्षरं मात्र तीच लिहितं. १ टीबीचे ९३१ जीबी, २ टीबीचे १८६३, ४ टीबीचे ३७२६.

वायरमन

बायोसमध्येच दिसत नसेल तर यातलं काही कामाचं नाही, आधी हार्डवेअर बघा.

मशीन चालू केल्यावर पहिल्या दहा सेकंदांत डिस्कच्या कडेला बोट टेकवा. बारीक थरथर जाणवली पाहिजे. थरथर नाही म्हणजे वीज पोचत नाही. थरथर आहे आणि बायोसमध्ये नाव नाही, तर डेटा केबल किंवा पोर्ट. बऱ्याच मदरबोर्डवर एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की एखाद-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. कोणते, ते बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये असतं. मशीन बंद करून दुसऱ्या पोर्टात लावा, लगेच निकाल कळतो.

वीज न पोचण्याचं एक चकवणारं कारण: एंटरप्राइझ (सर्व्हरसाठीच्या) डिस्क आणि यूएसबी डब्यातून सोडवलेल्या मोठ्या डिस्क. साटाच्या वीज कनेक्टरची तिसरी पिन पूर्वी ३.३ व्होल्टची होती. साटाच्या ३.३ आवृत्तीत तिला 'डिस्क बंद ठेव' हा इशारा देण्याचं काम मिळालं. जुना एसएमपीएस (मशीनचा वीजपुरवठ्याचा डबा) त्या पिनवर कायम ३.३ व्होल्ट सोडतो आणि डिस्क इमानदारीत बंद राहते. उपाय दोन: त्या पिनवर कॅप्टॉन टेपची (वीज अडवणाऱ्या चिकटपट्टीची) बारीक पट्टी, किंवा मोलेक्सवरून साटा देणारा अडॅप्टर, कारण मोलेक्समध्ये ३.३ ची तारच नसते. अडॅप्टर घेताना तारा प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेला घेऊ नका. आत तारा सरकून शॉर्ट होतात आणि कनेक्टर जळतो. तारा एकेक दाबून बसवलेल्या दिसतात तो घ्या.

स्क्रूही बघा. ३.५ इंचीला जाड आट्यांचे ६-३२, २.५ इंचीला एम३. जबरदस्तीने फिरवला तर डिस्कचे आटे जातात आणि वॉरंटीवर वाद होतो.

रानजाई

चांगला धागा. एक शंका. डिस्क ४ टीबीचीच आहे, पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये २०४८ जीबी आणि १६७८ जीबी असे दोन तुकडे दिसतात. दुसऱ्या तुकड्यावर न्यू सिंपल व्हॉल्यूम राखाडीच राहतं. पहिला तुकडा फॉरमॅट झालाय, अजून रिकामा आहे.

खडूफळा

रानजाई ताई, डिस्क एमबीआर, म्हणजे पार्टिशन टेबलाच्या जुन्या पद्धतीची, झाली आहे. एमबीआरच्या टेबलात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात. ५१२ बाइटचा सेक्टर धरला तर २^३२ गुणिले ५१२ म्हणजे बरोबर २०४८ जीबी. त्यापुढचा पत्ता लिहायला टेबलात जागाच नाही, म्हणून उरलेले १६७८ जीबी अधांतरी राहतात.

पहिला तुकडा रिकामा आहे ना? मग त्यावर उजवी क्लिक, डिलीट व्हॉल्यूम. नंतर डावीकडच्या चौकोनावर उजवी क्लिक, कन्व्हर्ट टू जीपीटी. एकही पार्टिशन शिल्लक असेल तोवर हा पर्याय राखाडी राहतो. पुढे वरच्या पायऱ्या २ पासून.

त्याच यादीत 'कन्व्हर्ट टू डायनॅमिक डिस्क' दिसेल. तिथे जाऊ नका. घरच्या वापरात फायदा शून्य, आणि नंतर लिनक्स किंवा इतर साधनांनी वाचताना डोकेदुखी.

२ टीबीच्या आतल्या डिस्कलाही जीपीटीच द्या. टेबलाची एक प्रत सुरुवातीला आणि एक डिस्कच्या शेवटी असते, एक खराब झाली तरी दुसरी उरते. विंडोजमध्ये १२८ पार्टिशनं चालतात, एमबीआरमध्ये प्रायमरी चारच. एमबीआर आज फक्त एक्सपी किंवा तसल्या जुन्या मशीनसाठी.

आणखी एक खूण: ४ टीबीची डिस्क एकूणच १६७८ जीबीची किंवा ३ टीबीची ७४६ जीबीची दिसली, तर दोष टेबलाचा नाही. मधला जुना यूएसबी डॉक (सुटी डिस्क यूएसबीने जोडायचा स्टँड) ३२ बिटांवरचा क्रमांक कापतोय. अशा डॉकवर काहीही लिहू नका, २०४८ जीबी ओलांडताच डेटा चुकीच्या जागी जाऊन आधीचा पुसला जाऊ शकतो.

रानजाई

झालं! एकसंध ३.६३ टीबी. आता क्विक फॉरमॅट पुरेसा की पूर्ण करावा?

मधलीसुट्टी

क्विक. नवी डिस्क आहे, पुसायला आत काही नाही. पूर्ण फॉरमॅट म्हणजे मशीन दिवसभर अडकवून ठेवणं.

टर्मिनलबुवा

@मधलीसुट्टी, नव्या डिस्कवरच पूर्ण फॉरमॅटला अर्थ आहे. क्विकमध्ये फक्त फाइल सिस्टिमची रचना लिहिली जाते, ४ टीबीपैकी नगण्य भागाला स्पर्श होतो. व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या जागेवर शून्य लिहितो (एक्सपी नुसतं वाचून तपासायचं). एखादा सेक्टर लिहिताना रुसला तर डिस्कचं फर्मवेअर तिथल्या तिथे राखीव सेक्टर देतं आणि स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत) नोंद होते. कुरिअरमध्ये आपटलेली डिस्क पहिल्याच दिवशी उघडी पडते, म्हणजे दुकानाची बदलून द्यायची मुदत संपायच्या आत.

वेळेचं गणित: बाहेरच्या कडेला वेग सेकंदाला १८०-२०० एमबी, आत जाता जाता निम्मा होतो. सरासरी १५० धरली तर ४ टीबीला साडेसात तास. हीच डिस्क यूएसबी २.० वर लावली तर ३५ एमबीच्या हिशेबाने ३१-३२ तास, म्हणून डॉक निळ्या (यूएसबी ३) पोर्टात लावा. सुरू करण्याआधी पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. मधेच वीज गेली तर डिस्क बिघडत नाही, पार्टिशन 'रॉ' (फाइल सिस्टिम नसलेलं) दिसतं, पुन्हा पहिल्यापासून फॉरमॅट करायचं एवढंच.

मधलीसुट्टी

मुद्दा मान्य, पण त्यासाठी फॉरमॅटच का? स्मार्टची लांब चाचणी डिस्क स्वतःच आतल्या आत करते, मशीन वापरता येतं, केबलवर भारही नाही.

टर्मिनलबुवा

लांब चाचणी फक्त वाचते. लिहिताना होणारी चूक तिच्यात पकडली जात नाही. दोन्ही केलं तर उत्तम, एकच करायचं तर लिहिणारी करावी.

कसंही करा, आधी आणि नंतर क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅमने स्मार्ट बघा. त्यात रॉ (मूळ, न बदललेले) आकडे मुळात १६ च्या पायात येतात, फंक्शन मेनूतून दशमान करून घ्या. बघायच्या ओळी:

०५ (रीअलोकेटेड), सी५ (पेंडिंग), सी६ (अनकरेक्टेबल): नव्या डिस्कवर तिन्ही शून्य हवेत. फॉरमॅटनंतर यातला एक जरी वर गेला तरी दुकानात परत.

सी७ (सीआरसी): हा डिस्कचा नव्हे, केबलचा दोष. केबल बदलली की आकडा खाली येत नाही, वाढायचा थांबतो.

०९ (पॉवर ऑन अवर्स): नव्या डिस्कवर शून्य किंवा एक-दोन.

सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ चे रॉ आकडे अवाढव्य दिसतात. त्यांची नोंदवायची पद्धतच तशी आहे, घाबरू नका.

वायरमन

०९ वर आंधळा भरवसा नको. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या वापरलेल्या एंटरप्राइझ डिस्क स्मार्टचे तास शून्य करून 'नव्या' म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. डिस्कमध्ये फार्म नावाची दुसरी नोंद असते, तिच्यात खरे तास सापडले. स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रॅम-संचाच्या ७.४ पासूनच्या आवृत्तीत त्यातल्या स्मार्टसीटीएल कमांडने फार्म वाचता येतं. दोन आकड्यांत तफावत म्हणजे डिस्क वापरलेली.

लॅमिंग्टन रोडवर असो की ऑनलाइन, बिल होण्याआधी लेबलवरचा सिरीयल क्रमांक कंपनीच्या वॉरंटी पानावर टाका. देश भारत आणि मुदत पुढची दिसली पाहिजे. दुसऱ्या देशासाठीचा माल स्वस्त मिळतो, पण वॉरंटीला इथे कोणी दारात उभं करत नाही.

निळीशाई

ॲलोकेशन युनिटचं काय? फोटो आणि व्हिडिओ ठेवायचे आहेत. ६४ केबी केलं की वेग वाढतो असं सगळीकडे वाचलं.

खडूफळा

मोठ्या फायलींत किंचित फरक पडतो, हार्ड डिस्कवर तो जाणवण्याजोगा नसतो. उलट बाजूची भीतीही फुगवलेली आहे. प्रत्येक फाइलमागे सरासरी अर्धा क्लस्टर (म्हणजे ॲलोकेशन युनिटच) वाया जातो. २ लाख फायली धरल्या तर ६४ केबीला सुमारे ६ जीबी, ४ केबीला ४०० एमबी. ४ टीबीत ६ जीबी काहीच नाही. खरा तोटा असा की ४ केबीच्या वर एनटीएफएसचं फाइल कॉम्प्रेशन चालत नाही. डिफॉल्टच ठेवा.

१८ टीबीची डिस्क घेतली तर मात्र हे आपोआप बदलतं. ४ केबीत एनटीएफएस १६ टीबीपर्यंतच जातं (विंडोजच्या मोजणीने), त्यापुढे डिफॉल्टच मोठा होतो.

निळीशाई

आणि डी, ई, एफ असे भाग पाडावेत का? आमचा असेंबल करून देणारा नेहमी चार करून देतो.

मधलीसुट्टी

ती सवय विंडोज आणि डेटा एकाच डिस्कवर असण्याच्या काळातली. सी उडवून पुन्हा विंडोज टाकलं तरी डी शाबूत, एवढाच तिचा फायदा. विंडोज एसएसडीवर गेल्यावर डेटाच्या डिस्कचे तुकडे पाडले की एकात ४० जीबी उरते, दुसऱ्यात ३०, आणि ६० जीबीची फाइल कुठेच मावत नाही. एक भाग, आत फोल्डर. 'महत्त्वाचं ई मध्ये, बॅकअप एफ मध्ये' हा तर बॅकअपच नव्हे, डिस्क गेली की दोन्ही एकदम जातात.

कोकणकडा

टीव्हीला आणि मॅकला लावायची असेल तर?

निळीशाई

मॅक एनटीएफएस वाचतो, लिहीत नाही. दोन्हीकडे लिहायचं तर एक्सफॅट. फॅट३२ विसरा, ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल त्यावर जात नाही आणि लग्नाच्या व्हिडिओच्या फायली सहज त्यापुढच्या असतात. टीव्हीचं मॉडेलनुसार बदलतं. बहुतेक एनटीएफएस वाचतात, एक्सफॅट सगळे वाचत नाहीत, जीपीटीलाही काही जुने टीव्ही ओळखत नाहीत. एवढ्याशा पेनड्राइव्हवर तेच फॉरमॅट करून आधी टीव्हीत घालून बघा, ४ टीबी कॉपी झाल्यावर कळण्यापेक्षा बरं.

एक्सफॅटला जर्नल (अर्धवट राहिलेलं लिहिणं सावरणारी नोंद) नाही. लिहिणं चालू असताना केबल ओढली तर फोल्डरच्या फोल्डर जाऊ शकतात, म्हणून इजेक्ट करूनच काढा. नाव ११ अक्षरांचं चालतं, आणि त्यात काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. 'कौटुंबिकफोटो' बसत नाही, १२ होतात.

कोकणकडा

सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधली डिस्क पीसीला लावली तर 'फॉरमॅट करा' म्हणतो. रेकॉर्डिंग उडालं का?

वायरमन

नाही. बहुतेक डीव्हीआर स्वतःची फाइल सिस्टिम वापरतात, विंडोजला ती कळत नाही. विंडोज म्हणतं म्हणून फॉरमॅट कराल तर खरोखर उडेल. परत डीव्हीआरमध्ये लावा आणि त्याच्याच बॅकअप मेनूतून पेनड्राइव्हवर काढा. नवी डिस्क डीव्हीआरला लावायची तर पीसीवर काही करू नका, त्याच्याच एचडीडी मेनूतून इनिशियलाइज करा.

रानजाई

फॉरमॅट सुटसुटीत झाला, स्मार्ट शून्य. आता जुना डेटा कॉपी करतेय तर सुरुवातीला १७० एमबी होते, तासाभराने ४० वर आले. डिस्क खराब?

टर्मिनलबुवा

मॉडेल क्रमांक शोधून एसएमआर आहे का बघा. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. डिस्क आधी एका राखीव पट्ट्यात भराभर घेते, तो भरला की वेग दोन आकड्यांत. थोडा वेळ मोकळी सोडली की आतली आवराआवर करून पूर्ववत होते. सीगेटच्या ३.५ इंची बाराकुडा मालिकेतल्या ४ आणि ८ टीबी अशाच आहेत. वेस्टर्न डिजिटलच्या रेडमधल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० मध्ये कंपनीने मान्य केलं आणि सीएमआरवाल्यांना (ट्रॅक एकावर एक न चढवलेल्यांना) रेड प्लस नाव दिलं. साठवणीला एसएमआर चालते. आरएआयडी 'रेड'साठी (हे नाव वेगळं), म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेल्या संचासाठी, घेऊ नका.

आधी मात्र कॉपी कसली चालू आहे तेही बघा. हजारो लहान फायली असतील तर कुठल्याही हार्ड डिस्कचा वेग असाच पडतो.

खडूफळा

डिस्क मॅनेजमेंट अडलं, 'राइट प्रोटेक्टेड' वगैरे म्हणालं, की लोक थेट डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांड साधनावर जातात, म्हणून दोन शब्द. कमांड उच्चाराप्रमाणे लिहितो, टाइप रोमनमध्ये करा.

ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट. डिस्कपार्ट. लिस्ट डिस्क. सिलेक्ट डिस्क २ (तुमचा क्रमांक). डिटेल डिस्क. क्लीन. कन्व्हर्ट जीपीटी. क्रिएट पार्टिशन प्रायमरी. फॉरमॅट एफएस=एनटीएफएस क्विक. असाइन.

यात 'डिटेल डिस्क' कोणी देत नाही, मी मुद्दाम घातली आहे. ती मॉडेलचं नाव छापते. क्लीन कसलीही विचारणा न करता टेबल पुसतं, आणि डिस्कचे क्रमांक पोर्टनुसार ठरतात, नवी जोडल्यावर सरकूही शकतात. एनव्हीएमई एसएसडी असलेल्या मशीनवर विंडोजची डिस्क १ आणि साटावाली ० असणं अगदी सामान्य आहे. दोन डिस्क सारख्याच आकाराच्या असतील तर जुनीची केबल काढूनच बसा. 'क्लीन ऑल' हे वेगळं, ते सगळ्या डिस्कवर शून्य लिहितं.

नव्या डिस्कवर विंडोजच टाकायचं असेल तरही बाकीच्या डिस्क काढून ठेवा. नाहीतर सेटअप बूटचं ईएफआय पार्टिशन आधीपासून असलेल्या जुन्या डिस्कवर वापरतं, आणि पुढे ती काढली की मशीन चालू होत नाही.

टर्मिनलबुवा

लिनक्सवाल्यांसाठी: एलएसबीएलकेने नाव, आकार, मॉडेल बघा, पार्टेडने जीपीटी लेबल आणि १ एमआयबीपासून १०० टक्क्यांपर्यंत एक पार्टिशन, मग एक्स्ट४. एक्स्ट४ मुळात ५ टक्के जागा रूटसाठी राखतं, ४ टीबीत ती २०० जीबी होते. डेटाच्या डिस्कवर 'एम' पर्यायाला ० किंवा १ द्या. फॉरमॅट मिनिटभरात संपतं, पण पहिल्यांदा माउंट केल्यावर बराच वेळ डिस्क कुरकुरत राहते. आयनोड टेबल मागे भरणं चालू असतं, बिघाड नाही. एफएसटॅबमध्ये एसडीबी-एसडीसी अशी नावं लिहू नका, यूयूआयडी लिहा आणि सोबत नोफेल, म्हणजे डिस्क काढली तरी बूट अडणार नाही.

कोकणकडा

शेवटचं विचारतो. ३.५ इंची यूएसबी डिस्कचा डबा गेला. आतली डिस्क काढून थेट साटाला लावली, तर 'इनिशियलाइज करा' म्हणतंय. आत फोटो आहेत. करू का?

खडूफळा

अजिबात नाही. रद्द दाबा.

डेटा असलेली डिस्क 'नॉट इनिशियलाइज्ड' दिसली तर इनिशियलाइज हा उपाय नव्हे. तुमच्या बाबतीत दोन शक्यता. काही डब्यांतला यूएसबी बोर्ड ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ चे करून दाखवतो. पार्टिशन टेबल त्या मापाने लिहिलेलं असतं, थेट साटावर पत्ते जुळत नाहीत. दुसरी, काही डबे पासवर्ड नसला तरी सगळं एन्क्रिप्ट करून लिहितात, किल्ली त्या बोर्डावरच असते. दोन्हीत मार्ग एकच: त्याच मॉडेलचा, त्याच आवृत्तीचा चालता डबा मिळवा आणि त्यातून वाचा. आधी डब्याचा १२ व्होल्टचा अडॅप्टर तपासा, बऱ्याचदा तोच गेलेला असतो आणि बोर्ड ठणठणीत असतो.

कोकणकडा

अडॅप्टरच. दुसरा १२ व्होल्ट २ अँपिअरचा लावला, डिस्क फिरली, फोटो दिसतायत. कॉपी लावलीय रानजाईंच्या पद्धतीने, फक्त जीपीटीवर.

रानजाई

😄